अंगावर दाखवू नये

मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर १९१२

आज न्हाणीपर्यंत आपली आपण चालत गेले. जाताना बावीस पावलं, येताना अठरा. म्हणजे जाताना भीतीनं लहान टाकली होती.

शालू मागून दोन्ही हात पुढे करून येत होती, पोर पहिल्यांदा उभं राहिलं की त्याच्यामागे जातात तशी. धाकट्या भावाची, बंडूची बायको, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान — आणि त्रेचाळीस वर्षांच्या नणंदेला अशी सांभाळते. हसू आलं, मग रडू आलं. हल्ली दोन्ही एकदमच येतात.

पोटाचा पट्टा सोडून तिनं जखम पाहिली. उजव्या अंगाला, खाली, चार बोटं लांब. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापलं, त्याला तीन आठवडे झाले. टाके केव्हाच निघाले, पण कातडी अजून लाल आहे, कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी. पाहता पाहता शालू म्हणाली, "अक्का, रागावू नका. पण दवाखान्याच्या कामात तुम्ही लोकांची दुखणी आपल्या अंगावर दाखवायचात. आमच्या आईनं तर गोष्टीतल्या माणसाची जखमसुद्धा आम्हाला अंगावर दाखवू दिली नाही. दाखवलं की येतं म्हणायची."

रागावले नाही. रागानंही पोट ओढतं.

बुधवार, ता. १३

शालूचं बोलणं डोक्यातून जात नाही. जायला हवं होतं. शिकलेली आहे मी.

शुक्रवार, ता. १५

डॉक्टर येऊन गेले. जखम बघून खूश. "बादशाही दुखणं तुमचं, बाई. एडवर्ड बादशहांचा राज्याभिषेक यानंच लांबला होता." बंडूला हे फार आवडलं. आता उद्या सगळ्या कचेरीला कळेल की बंडोपंतांच्या अक्काला बादशहाचं दुखणं झालं!

आतड्याच्या टोकाशी करंगळीएवढी एक पिशवी असते, ती सुजते, म्हणाले. वेळेवर कापून काढली नाही तर आत फुटते, मग काही चालत नाही. "तुम्ही नेमकी जागा दाखवलीत म्हणून ओळखलं. उजवीकडे, खाली. हेच डावीकडे दुखतं म्हणाला असतात तर वायगोळा समजून एरंडेल पाजलं असतं, आणि एरंडेलानं ते फुटलंच असतं."

मला तो दिवस आठवला. वेदनेनं घामाघूम झाले होते, तरी एक विचार आलाच — अकरा वर्षांत आज पहिल्यांदा डॉक्टरांना मी माझं स्वतःचं दुखणं सांगते आहे. मधे कुणी नाही. त्यांचा हात धरून मीच जागेवर ठेवला.

उठताना म्हणाले, "सोळा डिसेंबरला सोमवार आहे. तोवर ठरवा. कामावर यायचं असेल तर या, नसेल तर मला दुसरी बाई बघायला हवी. माझं फार अडलंय." मी बंडूकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

रविवार, ता. १७

पडून पडून कामाचाच विचार करते. ते काम कुणाला सांगायचं तर नीट सांगताही येत नाही.

पडद्याच्या घरात डॉक्टरांनी आत जायचं नाही. ते सोप्यात खुर्चीवर, मी माजघरात, मधे पडदा. दुखणेकरीण स्वतः बोलत नाही. तिची सासू बोलते, नाहीतर मोठी जाऊ. आणि दुसरीचं दुखणं स्वतःच्या अंगावर कुणी दाखवत नाही — मुसलमानांच्या घरात नाही, सरदारांच्या नाही, आमच्याही नाही. सुनेच्या अंगावर दाखवावं तर ती लाजून गोळा झालेली असते, पासोडीत डोकं खुपसून. मग उरते कोण? समोर बसलेली मी. "हितं बगा बाई, हितं" म्हणत बोट माझ्या पोटावर. मी ती जागा अंगठ्यानं धरून ठेवायची, पडद्यापाशी जायचं, आणि शब्दांनी भागलं नाही तर पडद्याची कड सारून लुगड्यावरून डॉक्टरांना दाखवायचं.

पहिल्या वर्षी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमचे वडील, दादा, तेव्हा होते. लोक म्हणायचे, विधवा मुलीला नर्शीण केलं. दादा म्हणायचे, घरात बसून ती कुणाचं दुखणं बरं करणार होती? मग मला सवय झाली. आमची आया तानाबाई म्हणते, "बाईंचं अंग म्हंजे सरकारी फळा. कुनीबी यावं, लिवावं, पुसून जावं."

पुसलं जातं का पण? माझ्या खांद्यावर एका सरदारीणबाईंचं गळू आहे. पाठीत कोडोलीच्या एका सुनेची कळ आहे. आणि डाव्या कुशीत इमामबी.

इमामबी अत्तारांची सून, एकोणीस वर्षांची. गेल्या मोहरमात तीन दिवस पोट दुखून गेली. तिची सासू हुसेनबी हिनं माझ्या डाव्या कुशीत, खाली, बोट दाबलं होतं. अजून ते बोट आठवतं. चांदीची अंगठी होती त्यात, तिचं टोक टोचलं होतं.

आणि लिहिता लिहिता एकदम सुचलं — शालूचं खरं असतं तर इमामबीचं दुखणं माझ्या डाव्या अंगाला यायला हवं होतं! माझं आलं उजवीकडे. म्हणजे दाखवल्यानं काही येत नाही.

इतकं हलकं वाटलं की शालूला हाक मारून पेजेबरोबर लोणचं मागितलं.

मंगळवार, ता. १९

लोणच्याचा त्रास झाला. शालू काही बोलली नाही. त्याचा जास्त त्रास झाला.

गुरुवार, ता. २१

तानाबाई आली. बावड्याची गुऱ्हाळं सुरू झाली म्हणून काकवीची बरणी घेऊन. भिंतीला टेकून पाय पसरून बसली आणि सगळा दवाखाना माझ्या खोलीत आणला.

मी नाही तर डॉक्टर आता तिलाच पडद्याआड पाठवतात. "म्या का म्हून माज्या अंगावर दाखवू? मला नातवंडं हायत." म्हणून ती घरातून उशी घेऊन जाते! बायका उशीवर बोट ठेवतात, ही उशी काखेत मारून बाहेर येते आणि डॉक्टरांसमोर धरते. परवा डॉक्टरांनी विचारलं, ही सुलटी धरलीस का उलटी? डोकं कुठल्या अंगाला? तानाबाई म्हणाली, "उशीला डोस्कं नसतं सायेब, डोस्क्याला उशी असती." डॉक्टर उठून हात धुवायला गेले म्हणे.

स्वयंपाकघरात शालूच्या हातातलं भांडं पडलं, इतकी हसली. मी पोट दोन्ही हातांनी धरून हसले. दुखलं, पण हसले.

जाताना मात्र तानाबाई उंबऱ्यात थांबली. "लवकर या, बाई. बायका इचारत्यात. त्या उशीला काय सांगायचं, म्हनत्यात."

शुक्रवार, ता. २२

मला जायचं आहे. हे आज सकाळी दात घासताना कळलं. काही विचार केला नव्हता.

रविवार, ता. २४

त्रिपुरी पौर्णिमा. बंडूला सांगितलं की सोळा तारखेला मी जाणार. तो जेवत होता. हातातला घास ताटात ठेवला.

मग बाहेर आलं. मला क्लोरोफॉर्म दिला तेव्हा हा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. तिथं बसून तो नृसिंहवाडीच्या दत्ताला नवस बोलला — अक्का उठली तर तिला पुन्हा दवाखान्यात पाठवणार नाही.

मी म्हटलं, नवस तुझा आणि नोकरी माझी? तुझं काय ते सोडायचं होतंस, तंबाखू सोडायचीस. "तंबाखू किती मोठी वस्तू आहे, अक्का? मोठं काहीतरी द्यायला पाहिजे होतं. माझ्याकडे मोठं तेवढंच होतं." डोळ्यांत पाणी. दादा गेले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडला नव्हता.

त्याच्यावर चिडायचं होतं. त्याच्या पाठीवर हात फिरवत बसले.

तरी म्हणाले मात्र, की वाडीला आपण जाऊ, मीच महाराजांना समजावून सांगेन. त्यांना माझ्या दवाखान्याशी काय करायचंय? तो ओशाळून हसला. ठरलं असं धरायला हरकत नाही.

बुधवार, ता. २७

हुसेनबी भेटायला आली. बंद टांग्यातून, लालासाबांना घेऊन. लालासाब म्हणजे तिचे यजमान. आमच्या देवघरातलं अष्टगंध आणि उदबत्ती त्यांच्याच दुकानातली. ते ओसरीवर बंडूजवळ बसले, ही आत आली. पुडीत काळ्या मनुका. "रगत भरतं, बाई. रोज सात भिजवून खावा."

इमामबी गेल्यावर आज पहिल्यांदाच समोर बसली. बारीक झाली आहे. मुलाचं, निसारचं, दुसरं लग्न श्रावणात झालं. नवी सून नजीरा चांगली आहे, म्हणाली, पण फार बोलत नाही.

मग तिनं विचारलं, कुठं कापलं? मी खाटेवर, ती समोर पाटावर. तिनं हात उचलला, शिवली नाही, नुसतं बोट सरळ समोर धरलं. "हितं?"

मी म्हटलं, नाही, या अंगाला. आणि माझा हात उजवीकडे ठेवला.

तिचं बोट माझ्या डाव्या कुशीसमोर तसंच होतं. तीच जागा. तीच चांदीची अंगठी. "व्हय व्हय," म्हणाली आणि हात बुरख्यात ओढून घेतला. लगेच उठली. टांगा थांबलाय, म्हणाली.



गुरुवार, ता. २८

तिनं तेव्हा कुणाचं डावं दाखवलं होतं?

शुक्रवार, ता. २९

आज शालूला समोर पाटावर बसवलं. म्हटलं, तुझा कुठला गुडघा धरतो तो माझ्यावर दाखव. तिनं हात लांब करून माझ्या डाव्या गुडघ्याला लावला. कुठला धरतो? म्हणाली, उजवा. मग कान. मग खांदा. मग बाळंतपणात कळ यायची ती जागा. चारही वेळा उलटं! तिला खेळ वाटला. मला पुढं विचारवेना.

समोर बसलेलं माणूस सरळ हात करतं. तिच्या उजव्यासमोर माझं डावं येतं. आरशासारखं. लहान पोराला कळावी इतकी साधी गोष्ट — आणि अकरा वर्षं मी त्या आरशात बसून राहिले.

गुडघा, खांदा, कान यांत चूक सापडते. सूज दिसते, डॉक्टर पडद्याच्या फटीतून तेवढा भाग बघतात. पोट कोण दाखवतं?

सोमवार, ता. २ डिसेंबर

लिहूनच काढते.

गेल्या मोहरमातला पाचवा का सहावा दिवस. गल्लीत ढोल वाजत होते. इमामबी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. उलट्या होत होत्या. मी तिच्या पोटाला हात लावला तर सगळंच पोट लाकडासारखं. कुठंही शिवलं तरी ती दचकायची. तिला विचारलं, बाळ, जास्त कुठं? तिनं डोळे मिटून सासूकडे मान वळवली. हुसेनबी माझ्यासमोर बसली होती. तिनं बोट दाबलं. मी जागा धरली, पडद्याशी गेले, म्हणाले, "डावीकडे, खाली." माझ्या आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. मला माझ्या कामाचा अभिमान होता. तिकडून डॉक्टर म्हणाले, वायगोळा. एरंडेल द्या.

एरंडेल मी पाजलं. चमच्यानं. तिला नको होतं. मी म्हटलं, एवढं घे, सुटशील.

तिसऱ्या दिवशी गेली.

आणि मी त्या सतरा तारखेला काय लिहिलं होतं? शालूचा नियम चुकला म्हणून लोणचं मागितलं! इमामबीचं दुखणं उजवीकडचं असेल तर माझं तेच आहे. तीच जागा, तीच पिशवी. शालूला हे सांगितलं तर ती देवासमोर दिवा लावेल. मला तसं वाटत नाही. दाखवल्यानं माझ्याकडे काही आलं नाही. चुकीचं दाखवल्यानं तिचं गेलं.

पण नक्की माहीत नाही. डावीकडचंही असेल. हुसेनबीलाच विचारलं तर कळेल. ते कसं विचारायचं?

गुरुवार, ता. ५

टांगा करून दवाखान्यात गेले. आजारपणानंतर पहिल्यांदा. बायका उठून जवळ आल्या, एकीनं हात धरून गालाला लावला. औषधांच्या कपाटावर तानाबाईची उशी. मला बघवेना.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांच्या समोर उभी राहून दाखवलंही — तुम्ही माझ्यावर बोट करा, तुमच्या उजव्या कुशीचं. त्यांनी केलं. उलटं आलं. ते खुर्चीत मागे टेकले.

म्हणाले, "एरंडेल मी लिहिलं, बाई. तुमचं डावं का तिचं डावं, एवढं एक मी विचारायला पाहिजे होतं. मलाही सुचलं नाही." मग म्हणाले की उजवीकडचं कळलं असतं तरी कापू दिलं असतंच असं नाही. तेही खरं असेल. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं का स्वतःसाठी, कोण जाणे.

मी म्हटलं, मी आता येणार नाही. ते म्हणाले, "म्हणूनच या. तुम्हाला आता कळलंय. नवी बाई आणली तर तिला हे कळायला आणखी एक इमामबी लागेल."

कुणी शिवी दिली असती तर परवडली असती. हे वाक्य खरं आहे, आणि टांग्याचा प्रत्येक धक्का पोटात घेऊन मी ते घरी आणलं.

रविवार, ता. ८

अत्तारांकडे गेले होते. ठरवून गेले होते की विचारायचं, आणि जे असेल ते सांगायचं. शालूला म्हटलं, अष्टगंध संपलंय. ते अर्धी डबी आहे, तिला माहीत होतं.

त्याच माजघरात बसले. त्याच भिंतीशी. पडदा नवा आहे, हिरवा. हुसेनबी मोहरमच्या तयारीत होती, पंजांचं रेशीम उन्हात टाकलं होतं. नजीरानं पाणी आणून ठेवलं — सोळा-सतरा वर्षांची, गळ्यात नवी गरसोळी. मी पाणी प्यायले नाही म्हणून तिला वाटलं असेल विटाळामुळे. तसं नव्हतं. त्या घरचं पाणी प्यायला मला तोंड नव्हतं.

हुसेनबी म्हणाली, मनुका खातासा न्हवं? मी म्हटलं, खाते. तिनं विचारलं, कामावर कधी? मी म्हटलं, बघू. मी तिच्या हाताकडे बघत होते. तीही माझ्या हाताकडे बघत होती, असं आता वाटतं.

"हुसेनबी," एवढं मी म्हटलं. तिनं मान वर केली. आणि मी रेशमाचा रंग छान आहे म्हणाले.

उठून आले. अष्टगंधही विसरले.

सोमवार, ता. ९

भित्री.

गुरुवार, ता. १२

ठरवलं. डॉक्टरांना पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. शेवटचं तीन ओळींचं झालं. प्रकृतीचं कारण दिलं नाही. लिहिलं की, जिथं चुकले त्या घरात जाऊन मला खरं बोलता आलं नाही. अशा बाईनं दुसऱ्या बाईच्या उशाशी बसून तुमच्या कानांत काही सांगू नये. नव्या बाईला एवढं एक सांगा — समोर बसू नकोस, शेजारी बस.

बंडूनं पत्र वाचलं. मला वाटलं त्याला आनंद होईल. तो म्हणाला, "माझ्या नवसासाठी नाही ना हे?" मी म्हटलं, नाही. "मग बरं नाही वाटत," म्हणाला. तरी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं. सोमवारी कचेरीला जाताना देईल.

शालूनं आज पुरण घातलं. कुणी नीट जेवलं नाही.

शनिवार, ता. १४

अकरा वर्षांत मी किती जणींना म्हटलं असेल, "एवढं घे, सुटशील"? पुष्कळ सुटल्या. हे आज मुद्दाम लिहून ठेवते. एरवी या वहीत इमामबी तेवढी उरेल.

आता वही बंद ठेवीन थोडे दिवस.

रविवार, ता. १५

सकाळी दारात टांगा. हुसेनबी एकटीच उतरली, लालासाब बरोबर नाहीत. थेट माजघरात आली. नजीराला कालपासून दुखतंय, उलट्या आहेत, डॉक्टरांना निरोप गेलाय. मी उभी राहिले आणि सवयीनं पदर सरळ करून तिच्यासमोर पोट पुढे केलं. विचारलं, कुठं?

तिनं माझ्याकडे बोट केलं नाही. बुरखा बाजूला सारला आणि स्वतःच्या पोटावर, उजव्या अंगाला, चारी बोटं दाबून धरली.

शालू आतून म्हणाली, "अहो, नका, आपल्या अंगावर नका दाखवू."

"दाखवू दे," हुसेनबी म्हणाली. "मागच्या बारीला तुमच्या अंगावर दाखवलं, बाई, आन चुकलं. तुमी खाटेवर बसून हात दुसऱ्या कुशीवर ठेवलासा तवाच मला उमगलं. गेल्या ऐतवारी तुमी सांगायला आलतासा, आन मला ऐकायचं धाडस झालं न्हाय."

मी विचारलं, एरंडेल? "थेंब न्हाय दिला."

बंडूनं खिशातलं पत्र काढून माझ्या हातात दिलं. नवस माझा आहे, म्हणाला, मी बघतो काय ते.

पट्टा बांधते आहे, तेवढ्यात हे लिहिलं. टांगा थांबलाय. आज तिच्या शेजारी बसायचं.